घाट की प्लॅन?

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस सायकल कॅम्प, वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी. इकडे मोबाईलमधला ट्रेनिंग प्लॅन म्हणतो, आज इंटरव्हल्स! गेल्या वर्षी मी दोन्ही केलं (अतिशहाणा!). मग पंधरा दिवस पाय जड, प्रत्येक वर्कआऊट अर्धवट. प्लॅनला वाटलं गडी कच्चा. त्याने पुढचं सगळं सोपं करून टाकलं.

आता हिशोब बघा. एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकणारी पॉवर. त्या एका तासाचा ताण 100. तिच्या 70 टक्क्यांवर 4 तास म्हणजे 4 × 0.7 × 0.7 × 100 = 196. चार दिवसांचे जवळजवळ 800! त्यात इंटरव्हल्स कुठे बसणार? यंदा ते आधीच काढलेत, पुढचा आठवडा विश्रांतीचा, एफटीपी टेस्ट त्यानंतरच. मेसवाल्या काकांना जादा पोळ्यांचं सांगून ठेवलंय.