चित्रातली कड आणि यंत्राची नजर

राजा रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. ती छापणारा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. म्हणून कारागीर आधी मूळ चित्रावरून नुसत्या कडा उतरून घेई: पदर कुठे संपला, हात कुठे सुरू झाला. तैलचित्रात अशी रेघ मुळी नसतेच. ती तो आपल्या समजुतीने ओढी.

हेच काम आता संगणकाला शिकवले आहे. कसे, ते पाहू या.

संगणकाला चित्र म्हणजे चौकटीच्या वहीत भरलेले आकडे. काळ्याला ०, पांढऱ्याला २५५. समजा, एका ओळीत ४०, ४२, ४१, १८०, १८२ असे आकडे आहेत. शेजारशेजारच्या आकड्यांतून लहान मोठ्यातून वजा करा. २, १, १३९, २. जिथे १३९ आले, तिथे कड! गुरुजींनी हे फळ्यावर जरूर करून दाखवावे. चौथीच्या मुलांनाही जमते.

पण चित्रात धूळ असते, बारीक दाणे असतात. त्यांच्याही कडा निघतात. म्हणून आधी शेजारच्या आकड्यांची सरासरी घेऊन चित्र जरा मऊ करतात. जॉन कॅनी यांनी १९८६ साली मांडलेल्या रीतीत दोन मर्यादा असतात. मोठ्या मर्यादेपलीकडली कड पक्की. दोहोंच्या मधली कड पक्क्या कडेला चिकटून असेल तरच ठेवायची, सुटी असेल तर पुसायची. परका पाहुणा ओळखीच्या माणसाबरोबर आला तर आपण त्याला घरात घेतो ना, तसेच हे! कडांची साखळी बंद झाली की बाह्यरेषा मिळते. तिचे कोपरे, लांबी, क्षेत्रफळ मोजून वस्तू ओळखायची.

खरी अडचण मात्र यापुढे आहे. दादरच्या फुलबाजारात झेंडूच्या राशीवर ताडपत्रीची सावली पडली, तर त्या सावलीच्या रेषेवरही आकडे उडी घेतात आणि संगणक एका राशीचे दोन तुकडे करतो. उलट झेंडूला झेंडू टेकलेला असतो, तिथे कड असूनही आकडा फारसा हलत नाही. फूलवालीला यातले काही सांगावे लागत नाही. वजाबाकीला फूल माहीत नाही आणि सावलीही माहीत नाही.

म्हणून अलीकडे यंत्राला हजारो आखलेली चित्रे दाखवून शिकवतात. ती आखायला मात्र माणसेच लागतात. पडद्यावर एकेक चित्र उघडून ती वस्तूच्या कडेने हाताने रेघ ओढत जातात, आणि सावलीची कड तेवढी सोडून देतात.