बाह्य औष्णिक सुखावहता

बाह्य औष्णिक सुखावहता म्हणजे रस्ते, बाजारपेठा, मैदाने, समुद्रकिनारे अशा मोकळ्या जागी वावरणाऱ्या व्यक्तीला सभोवतालचे वातावरण फार उष्ण किंवा फार थंड न वाटता सुसह्य वाटण्याची अवस्था होय. ती केवळ हवेच्या तापमानावरून ठरत नाही. त्यामुळे दमट किनारपट्टी आणि कोरडा अंतर्भाग यांची तुलना करताना साध्या तापमापकाचे आकडे अपुरे पडतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण आणि विदर्भातील नागपूर यांच्या उन्हाळ्यातून हा फरक स्पष्ट होतो.

प्रमुख घटक

उष्णतेची जाणीव हवेचे तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व प्रारण या चार वातावरणीय घटकांवर, तसेच शारीरिक श्रम व पेहराव या दोन व्यक्तिगत घटकांवर अवलंबून असते. प्रारणात थेट सूर्यकिरणांबरोबरच तापलेल्या भिंती, डांबरी रस्ते व वाळू यांच्याकडून येणारी उष्णताही मोडते. उन्हाळ्यात शरीर मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनामुळे थंड राहते. हवा दमट असल्यास घाम येतो, पण लवकर वाळत नाही; परिणामी शरीरात उष्णता साठत जाते.

मापन

वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, स्टीव्हन्सन पेटीच्या सावलीत ठेवलेला असतो. तो हवेचे तापमान अचूक दर्शवतो. मात्र उन्हात काम करणाऱ्या माणसावरील ताण त्यातून कळत नाही. त्यासाठी संयुक्त निर्देशांक वापरतात. यॅग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ साली अमेरिकी सैनिकी प्रशिक्षण तळांसाठी मांडलेला डब्ल्यूबीजीटी हा त्यांपैकी एक. त्यात ओल्या फुग्याच्या तापमानाला ७० टक्के, काळ्या पोकळ गोलकातील तापमानाला २० टक्के आणि हवेच्या तापमानाला १० टक्के भार दिला जातो. सावलीत ओल्या फुग्याला ७० व गोलकाला ३० टक्के भार असतो. पीईटी व यूटीसीआय हे निर्देशांक मानवी शरीरातील उष्णतेच्या देवाणघेवाणीच्या गणिती प्रतिमानावर आधारलेले आहेत.

हवामानानुसार फरक

मालवणात हवेचे तापमान ३३ अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता ७० टक्के, तर नागपुरात तापमान ४३ अंश व आर्द्रता १५ टक्के आहे, असे मानू. ओल्या फुग्याचे तापमान मालवणात सुमारे २८ आणि नागपुरात सुमारे २३ अंश येते. सावलीत गोलकाचे तापमान हवेइतकेच धरल्यास डब्ल्यूबीजीटी मालवणात सुमारे २९.५ आणि नागपुरात सुमारे २९ अंश भरतो. म्हणजे हवेच्या तापमानात दहा अंशांचा फरक असूनही शरीरावरील ताण जवळपास सारखाच असतो. उष्णतेची सवय असलेल्या व्यक्तीने मध्यम श्रमाचे काम सलग करण्यासाठी आयएसओ ७२४३ या मानकातील संदर्भमूल्य २८ अंश आहे. दोन्ही आकडे त्याहून अधिक आहेत.

सवयीचाही परिणाम होतो. पीईटीनुसार मध्य युरोपात १८ ते २३ अंश ही मर्यादा सुखावह मानली जाते, तर तैवानमध्ये झालेल्या अभ्यासात ती २६ ते ३० अंश आढळली. म्हणून एका प्रदेशाची मोजपट्टी दुसऱ्या प्रदेशाला जशीच्या तशी लावता येत नाही.

इशारे व त्यांच्या मर्यादा

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार उष्णतेच्या लाटेसाठी कमाल तापमान मैदानी भागात किमान ४०, तर किनारपट्टीवर किमान ३७ अंश असावे लागते. सरासरीपासूनचा फरकही पाहिला जातो. त्यामुळे ३३-३४ अंशांच्या दमट दिवशी या निकषाने लाट ठरत नाही; तरीही रापण ओढणारे मच्छीमार किंवा उन्हात मासळी सुकवणाऱ्या स्त्रिया यांच्यावर तीव्र ताण येऊ शकतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे मोकळ्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील कमाल तापमान सुमारे ३८ अंश होते.

उपाययोजना

दमट किनाऱ्यावर सावली आणि खेळता वारा या दोहोंची गरज असते. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे घामाचे बाष्पीभवन वाढवतात. उंच भिंती व सलग बांधकामे त्यांना अडवतात. कोकणात घरापुढील खळ्यात नारळाच्या झापांचा मांडव घालण्याची प्रथा आहे. चारही बाजूंनी मोकळा असा मांडव ऊन रोखतो, पण वारा अडवत नाही. नागपूरसारख्या कोरड्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारे कूलर उपयोगी ठरतात; दमट मालवणात त्यांचा परिणाम फारसा जाणवत नाही.