श्वापदांना घातलेली साद

सायंकाळच्या वेळी एखाद्या झुडपातून सशाचा आर्त चीत्कार उठावा आणि तो ऐकून दूरच्या टेकडीवर एखाद्या श्वापदाने कान टवकारावेत, हे रानात नित्य घडणारे दृश्य होय. परंतु अमेरिकेतील टेक्सस राज्यात पुष्कळदा त्या झुडपाआड ससा नसतोच; तेथे ओठाशी लहानशी पिपाणी धरून एक मनुष्य निश्चल बसलेला असतो. चीत्कार ऐकून येणारा पशू असतो कोयोट, म्हणजे आपल्याकडील कोल्ह्याचा उत्तर अमेरिकेतील भाऊबंद. शिकारी पशूच्या मागे धावण्याऐवजी त्यालाच आपल्याकडे बोलावून घेण्याची ही विद्या जुनी आहे. तिच्या मुळाशी असलेले शास्त्र मात्र अलीकडेच उलगडू लागले आहे.

प्रथम असा प्रश्न पडतो की, मनुष्याने काढलेल्या खोट्या आवाजाला पशू फसतो तरी कसा? याचे उत्तर संकटकाळच्या आवाजाच्या रचनेत आहे. पकडल्या गेलेल्या लहान प्राण्याचा चीत्कार एकाएकी सुरू होतो, कर्कश असतो आणि पुनःपुन्हा उमटतो. निरनिराळ्या जातींच्या पिलांच्या आक्रोशात हे साम्य विलक्षण आढळते. सुझन लिंगल आणि टोबियास रीडे या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मानवी बालक, सील, वटवाघूळ इत्यादींच्या पिलांचे रडणे हरिणींना ऐकविले. आवाजाची कंपनसंख्या पाडसाच्या आवाजाशी जुळती असली की हरिणी ध्वनिक्षेपकाकडे धाव घेत. म्हणजे तोच एक आवाज मातेला रक्षणासाठी हाक असतो, तर भक्षकाला भोजनाचे आमंत्रण.

अशी साद घालण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे मनुष्याचे तोंड. हाताच्या मागील बाजूस ओठ टेकवून हवा आत ओढली की उंदराच्या चिवचिवाटासारखा आवाज निघतो, व जवळपास असलेला खोकड तेवढ्यानेही वळतो. जर्मनीतील शिकारी सशाच्या ओरडण्याची नक्कल करणारी पिपाणी फार पूर्वीपासून वापरीत आले आहेत. तिच्या नळीत बाजाच्या पेटीतल्याप्रमाणे एक पातळ पत्ती असते. फुंकर बसताच ती थरथरते. हाताच्या ओंजळीने नळीचे तोंड झाकले किंवा उघडले म्हणजे त्या आवाजाला रडण्याचा चढउतार येतो. काही पिपाण्यांत पत्ती उघडी असते, आणि दात वा ओठ तिच्यावर मागेपुढे सरकवून सूर बदलता येतो. अशा पिपाणीतून सशाचा आक्रोश आणि कोयोटची कोल्हेकुई हे दोन्ही काढता येतात.

१९५० नंतरच्या काळात टेक्ससमध्ये या कलेला धंद्याचे रूप आले. तेथील मार्बल फॉल्स गावचे बर्नहॅम बंधू आपल्या पिपाण्यांमुळे प्रसिद्धीस आले. पुढे प्राण्यांचे खरे आवाज मुद्रित करून ते तबकड्यांवरून, नंतर ध्वनिफितींवरून वाजविण्यात येऊ लागले. आजच्या यंत्रात शेकडो आवाज साठविलेले असतात, आणि ते झुडपात ठेवून दूर बसलेला शिकारी हातातील कळीने चालवितो. याचा मोठा लाभ असा की, पशूचे लक्ष आवाजाकडे राहते, मनुष्याकडे जात नाही. तथापि यंत्रालाही ध्वनिशास्त्राचे नियम चुकत नाहीत. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबेलने उतरतो, आणि उंच सूर खालच्या सुरांपेक्षा लवकर विरतात.

आवाज उत्तम असला तरी वारा प्रतिकूल असल्यास सारे व्यर्थ जाते. कोयोट केवळ कानावर विश्वास ठेवीत नाही. पुष्कळदा तो वळसा घेऊन, आवाजाकडून येणारा वारा आपल्या नाकास लागेल अशा बाजूने जवळ येतो. त्या वाऱ्यात सशाऐवजी मनुष्याचा गंध मिळाला की तो दिसण्यापूर्वीच नाहीसा होतो. एकदा असा फसलेला आणि जिवंत सुटलेला पशू तो अनुभव सहसा विसरत नाही. पुन्हा तोच आवाज आला तर त्याला तो भोजनाची नव्हे, संकटाची सूचना वाटतो. ज्या रानात रोज पिपाण्या वाजतात तेथे त्या हळूहळू निष्प्रभ होतात, त्याचे कारण हेच.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मेंढपाळाचे कोकरू रात्री मारले गेले तर त्याचे नुकसान खरे असते, आणि त्याचा संतापही समजण्यासारखा असतो. परंतु पिपाणीला भुलून आलेला कोयोट हाच अपराधी, हे कशावरून? कॅलिफोर्नियातील हॉपलंड येथे केलेल्या व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, मेंढ्या मारणारे कोयोट हे प्रामुख्याने त्या कुरणात हद्द राखून असलेले, वीण असलेले जोडीदार होते. भटक्या तरुण कोयोटांचा वाटा नगण्य होता. वायोमिंगमधील १९८३ सालच्या एका अभ्यासात बिळातील पिले काढून घेताच मेंढ्यांची हत्या पुष्कळ घटली; कारण मातापिता मुख्यतः पिलांच्या पोटासाठी कोकरे मारीत होते. कॉनली आणि लाँगहर्स्ट यांनी १९७५ साली गणिताने दाखविले की, दरवर्षी सुमारे ७० टक्के कोयोट मारले गेले तरी उरलेल्यांची वीण वाढून त्यांची संख्या टिकून राहू शकते. या सर्वांचे तात्पर्य एवढेच की, येईल तो पशू मारण्याने हिशेब पुरा होतो, पण मेंढ्या वाचतातच असे नाही.

कायद्यानेही या साधनांना काही मर्यादा घातल्या आहेत. अमेरिकेत स्थलांतरी बदकांच्या शिकारीत तोंडाने वाजवायच्या पिपाण्या चालतात, परंतु मुद्रित आवाजांना सामान्यतः मनाई आहे. कॅलिफोर्नियाने डिसेंबर २०१४ मध्ये कोयोट, खोकड इत्यादींच्या हत्येवर बक्षिसे लावणाऱ्या स्पर्धा बंद केल्या. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आणि त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यांमुळे हौशी शिकारीला जागा उरलेली नाही. परंतु या विद्येचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्याच भूमीवरचे आहे. कुमाऊंमधील ठाक गावच्या नरभक्षक वाघिणीने माणसे मारण्याचा सपाटा लावला होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये जिम कॉर्बेट यांनी नर वाघासारखी डरकाळी देऊन तिला बोलावून घेतले, आणि मावळत्या उजेडात अगदी जवळून तिला गोळी घातली. तेथे अपराधी कोण याविषयी शंका नव्हती, आणि उपायही नेमका होता.

याच आवाजांनी आज प्राण्यांचे रक्षणही होत आहे. आफ्रिकेतील राखीव वनांत सिंह आणि तरस यांची गणती करण्यासाठी जखमी भक्ष्याचे वा तरसांच्या कलकलाटाचे मुद्रित आवाज रात्री वाजवितात. किती अंतरावरचे किती प्राणी सादेला ओ देतात हे आधी पारखून घेतले असल्यामुळे, आलेल्यांवरून न आलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. सेरेंगेटीमध्ये मॅककोम्ब, पॅकर आणि प्यूसी यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याहून मनोरंजक आहेत. एका परक्या सिंहिणीची गर्जना ऐकविल्यास कळप चाल करून येई. तिघींची एकत्र गर्जना ऐकविल्यास तो कचरत असे. सिंहिणी शत्रूंची संख्या केवळ कानाने जोखतात, हे यावरून सिद्ध झाले. कॅनडाच्या ॲल्गॉन्क्विन उद्यानात तर १९६३ पासून सामान्य लोकांना रात्री नेऊन लांडग्यांना साद घालतात, आणि लांडग्यांचे उत्तर ऐकून लोक तृप्त मनाने परततात.

पिपाणी एकच, फुंकरही एकच. तिच्या हाकेला पशू ज्या विश्वासाने येतो, तो विश्वास त्याच्या भुकेतून अथवा वात्सल्यातून उपजलेला असतो. त्या विश्वासाचा उपयोग कशासाठी करावा, हे ठरविण्याचा भार शेवटी हाक देणाऱ्या मनुष्यावरच येऊन पडतो.