ज्योतीमागचे यंत्र

पॅरिसमध्ये २६ जुलै २०२४ च्या रात्री मारी-जोझे पेरेक आणि टेडी रिनेर या दोन फ्रेंच विजेत्यांनी मशाल पुढे केली आणि तुइलेरी उद्यानातून एक प्रचंड फुगा ऑलिम्पिकचे ज्योतिकुंड घेऊन आकाशात चढला. फुग्याखालच्या सात मीटर व्यासाच्या कड्यात सोनेरी ज्वाळा फडफडत होत्या. भर पावसात ते दृश्य पाहणाऱ्या अनेकांना त्या क्षणी कळलेही नसेल, की त्या कड्यात आग नव्हतीच. चाळीस एलईडी प्रकाशझोत आणि पाण्याचे सूक्ष्म तुषार उडविणाऱ्या दोनशे तोट्या, एवढीच ती सामग्री. तुषारांच्या धुक्यावर पिवळसर प्रकाश पडला की ते धुके ज्वाळेसारखे भासते. ऑलिम्पिकच्या इतिहासात प्रथमच इंधनाविना ‘ज्योत’ तेवली आणि जाणकारांत वाद सुरू झाला : जी जळत नाही, तिला ज्योत म्हणावे काय?

वाद रंजक असला, तरी त्यामागे एक गैरसमज दडलेला आहे. ऑलिम्पिकची ज्योत ही प्राचीन ग्रीसमधून अखंड चालत आलेली परंपरा आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ऑलिम्पियातील वेदीवर अग्नी तेवत असे, हे खरे. परंतु तो मशालीने गावोगाव नेण्याची प्रथा प्राचीन ऑलिम्पिकमध्ये नव्हती. १८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिम्पिक सुरू झाले तेव्हाही ज्योत नव्हती. ती आली १९२८ मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमला. भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक जिंकले, तीच ही स्पर्धा. स्टेडियमच्या मनोऱ्यावर ती पहिली ज्योत पेटविली कोणी? ना कोणा विजेत्याने, ना राजाने. शहराच्या वीजपुरवठा संस्थेतील एका कर्मचाऱ्याने!

मशालदौड त्याहूनही अलीकडची. १९३६ च्या बर्लिन स्पर्धेसाठी कार्ल डिएम या जर्मन संयोजकाने ती आखली. अंतर्गोल आरशाने सूर्यकिरण एकवटून ऑलिम्पियात अग्नी प्रज्वलित करण्यात आला आणि तीन हजारांहून अधिक धावकांनी तो सात देशांतून बर्लिनला पोहोचविला. मशाली क्रुप या पोलाद व शस्त्रे बनविणाऱ्या कंपनीच्या होत्या. हिटलरच्या राजवटीने या देखाव्याचा प्रचारासाठी पुरेपूर वापर केला, ही गोष्ट समारंभाच्या झगमगाटात बहुधा कोणी उच्चारत नाही. तरीही युद्धानंतर, १९४८ च्या लंडन स्पर्धेत प्रथा टिकली. त्या वेळी पहिल्या ग्रीक धावकाने, जो लष्करात कॉर्पोरल होता, अंगावरचा गणवेश उतरवून मगच मशाल हाती घेतली. चिन्ह तेच; त्याचा अर्थ मात्र एका कृतीने बदलला.

वारा-पावसात, धावत्या माणसाच्या हातात अग्नी टिकविणे हे अवघड काम. गडावरून शिवज्योत घेऊन गावाकडे धावणाऱ्या मंडळांना ते वेगळे सांगावयास नको. सुरुवातीच्या मशालींत मॅग्नेशियमसारखे प्रखर जळणारे पदार्थ असत. १९५६ मध्ये मेलबर्नला अखेरचा धावक रॉन क्लार्क याचा हात ठिणग्यांनी भाजला. पुढे द्रवरूप वायूच्या मशाली आल्या. २००० मध्ये सिडनी स्पर्धेपूर्वी ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळबेटांपाशी खास बनविलेली मशाल पाण्याखालून नेण्यात आली, तर २००८ मध्ये ज्योत एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. मात्र या साऱ्या प्रवासात खरा भरवसा असतो तो ताफ्याबरोबर नेल्या जाणाऱ्या बंदिस्त कंदिलांवर. मूळ अग्नी त्यांत नंदादीपासारखा जपलेला असतो. मशाल विझली तर ती त्यावरूनच पुन्हा पेटवायची, हा संकेत. ऑलिम्पियातील सोहळ्यालाही अशी तजवीज लागते. एप्रिल २०२४ मध्ये ऐनवेळी आकाश ढगाळले, तेव्हा आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीत पेटविलेल्या अग्नीवर काम भागवावे लागले.

तंत्रज्ञानाची सर्वांत धाडसी कसरत झाली ती १९७६ च्या मॉन्ट्रियल स्पर्धेसाठी. अथेन्समध्ये ज्योतीतील विद्युत्भारित कण संवेदकाने टिपले, त्यांचे विद्युतसंकेत उपग्रहामार्गे कॅनडातील ओटावाला धाडले आणि तेथे त्या संकेतांनी चालू झालेल्या लेसर किरणाने नवी ज्योत पेटली. अग्नीने समुद्र ओलांडला, की केवळ अग्नीच्या बातमीने? याचे उत्तर आजही सोपे नाही. गंमत अशी, की एवढ्या थाटात आलेली ही ज्योत स्पर्धेदरम्यान पावसाने विझली आणि एका कर्मचाऱ्याने सिगारेट पेटविण्याच्या लायटरने ती पुन्हा लावली. संयोजकांनी घाईने ती विझवून राखीव मूळ अग्नीवरून पेटविली. उपग्रहावरून आलेली ज्योत ‘खरी’ आणि लायटरची ‘खोटी’, हा भेद भौतिकशास्त्राला ठाऊक नाही. तो माणसांनी ठरविलेला असतो, आणि समारंभाचा सारा प्राण त्या ठरविण्यातच आहे.

सिडनीतील काही विद्यार्थ्यांनी हे १९५६ मध्येच ओळखले होते. खुर्चीचा पाय, त्यावर पुडिंगचा रिकामा डबा आणि त्यात रॉकेलमध्ये भिजविलेली अंतर्वस्त्रे, अशी ‘मशाल’ घेऊन त्यांच्यातील एक जण पोलीस बंदोबस्तात धावत गेला आणि महापौरांनी ती सन्मानाने स्वीकारलीही! खरी मशाल पाठोपाठ येत होती.

राष्ट्रकुल स्पर्धांत ज्योतीऐवजी बॅटन फिरते. राणीचा संदेश त्यात ठेवून ते नेण्याची प्रथा १९५८ च्या कार्डिफ स्पर्धेपासूनची. राणीच्या निधनानंतर आता ते राजाचे बॅटन झाले आहे. दिल्लीच्या २०१० च्या स्पर्धेसाठी भारतात घडविलेले बॅटन म्हणजे एक चालतेबोलते इलेक्ट्रॉनिक खेळणेच होते. त्यात कॅमेरा होता, ध्वनिमुद्रणाची सोय होती, ठावठिकाणा सांगणारी जीपीएस यंत्रणा होती आणि ज्या देशात ते पोहोचेल त्या देशाच्या ध्वजाचे रंग धारण करणारे एलईडी दिवेही. आज यातले बहुतेक सारे शाळकरी मुलाच्या मोबाइलमध्ये सापडते. नवलाई उरली आहे ती त्यावर वापरलेल्या देशाच्या निरनिराळ्या भागांतील रंगीत मातीची आणि आतल्या सोन्याच्या पत्र्यावर कोरलेल्या संदेशाची. उपकरणे लवकर म्हातारी होतात. माती होत नाही.

यंत्रांवर विसंबले की फजितीही वाट्याला येते. सिडनीत २००० मध्ये कॅथी फ्रीमनने ज्योत पेटविल्यावर कुंड वर सरकेना आणि ती सुमारे चार मिनिटे ओलेत्या पोशाखात ताटकळत उभी राहिली. सोचीत २०१४ मध्ये पाचपैकी एक कडे उमललेच नाही. समारोपात रशियनांनी तीच चूक मुद्दाम करून स्वतःची थट्टा केली. बीजिंगमध्ये २००८ साली आतषबाजीची महाकाय पावले दूरचित्रवाणीवर दिसली, ती संगणकावर आधीच तयार केलेली होती. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तर २३ सप्टेंबर २०२३ रोजी दहा कोटींहून अधिक ‘डिजिटल’ मशालधारकांच्या नावे एक प्रकाशमय मानवाकृती पडद्यावरून धावत आली आणि जलतरणपटू वांग शून याच्यासोबत तिने ज्योत पेटविली.

पॅरिसकरांनी मात्र सावध मध्यममार्ग काढला. ऑलिम्पियाहून आलेला खरा अग्नी फुग्याजवळच एका कंदिलात तेवत ठेवला होता. ११ ऑगस्ट २०२४ रोजी, समारोपाच्या दिवशी, जलतरणपटू लिओं मार्शां तो कंदील उद्यानातून घेऊन स्टेडियममध्ये गेला आणि इतर खेळाडूंसह त्याने फुंकर मारून ज्योत शांत केली. फुग्याखालचे दिवे बटणाने बंद झाले. २०२५ च्या उन्हाळ्यात तोच फुगा पुन्हा तुइलेरीवर चढू लागला. ज्वाळाही तशाच दिसत होत्या. कंदील मात्र आता तेथे नव्हता.