ऑफिसातलं वायफाय आणि हवेतली रांग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, छोट्या ऑफिसात इंटरनेट मंद चालायला लागलं, की दोनच उपाय सुचवले जातात. कंपनीला फोन करून मोठा प्लॅन घ्या, नाहीतर चार-सहा शिंगांचा महागडा राउटर आणा. दोन्हींत पैसे जातात, आणि अनेकदा महिन्याभरानं तक्रार जिथल्या तिथे असते. छोटी ऑफिसं, दवाखाने, पतसंस्था अशा ठिकाणी नेटवर्क बसवणं आणि बिघडलेलं दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे. त्या अनुभवावरून सांगतो, दुखणं बहुतेक वेळा बाहेरून येणाऱ्या तारेत नसतं, खोलीतल्या हवेत असतं. आणि हवेतलं दुखणं थोडक्या खर्चात बरं होतं. फक्त ते आधी समजून घ्यायला हवं.

आपण ऐकता तो रेडिओ आणि वायफाय ही एकाच घराण्यातली भावंडं. दोन्हीकडे रेडिओलहरीच काम करतात. फरक लहरींच्या लांबीत आहे. मध्यम लहरींवरच्या केंद्राची एक लहर शेकडो मीटर लांब असते, एफएमची सुमारे तीन मीटर, तर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातली लहर अवघी साडेबारा सेंटिमीटर. पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ती त्याच्याही निम्मी. लांब लहर डोंगराला वळसा घालून घरात शिरते. आखूड लहर सिमेंटच्या भिंतीत दमते आणि लोखंडी कपाटावर आपटून परत फिरते. शिवाय रेडिओकेंद्राची ताकद किलोवॅटमध्ये मोजतात, आपल्या राउटरची मात्र साधारण वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. रेडिओवर एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. वायफायवर सगळ्यांनाच बोलायचं असतं, पण एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. या पद्धतीचं मूळ हवाई बेटांवर आहे. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली ‘अलोहानेट’ नावाचं जाळं सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रं एकाच रेडिओलहरीवरून मुख्य संगणकाला निरोप धाडत. दोन निरोप एकमेकांवर आदळले, तर प्रत्येकानं थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवायचं. वायफायचं पहिलं प्रमाण १९९७ साली ठरलं, त्यात ‘आधी ऐका, हवा मोकळी असेल तरच बोला’ हा नियम आला. म्हणजे तुमच्या ऑफिसात प्रत्येक लॅपटॉप, प्रत्येक मोबाइल, प्रिंटर आणि भिंतीवरचा कॅमेरासुद्धा एकाच रांगेत उभा आहे. ही रांग डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

आता या रांगेतली खरी गंमत ऐका. राउटरपासून लांब बसलेल्या यंत्राला आवाज क्षीण ऐकू येतो, तेव्हा ते हळू बोलायला लागतं. पूर्वी ट्रंककॉलवर खरखर असली की आपण एकेक शब्द तोडून बोलत असू, तसंच. वायफायच्या २००३ सालच्या प्रकारात जवळच्या यंत्राला सेकंदाला ५४ मेगाबिटचा वेग मिळे, लांबच्याला तो सहापर्यंत खाली येई. म्हणजे तेवढाच मजकूर पाठवायला लांबच्याला नऊपट वेळ. आणि तेवढा वेळ बाकीचे सगळे थांबलेले! पुढच्या प्रकारांत वेग पुष्कळ वाढले, पण हे गणित बऱ्याच अंशी तसंच राहिलं. म्हणून कोपऱ्यातल्या एका टेबलाचं वायफाय वाईट असेल, तर तो त्या एकट्याचा प्रश्न राहत नाही. साऱ्या ऑफिसचा होतो.

एक उदाहरण देतो. तालुक्याच्या गावी एका व्यापारी संकुलात दुसऱ्या मजल्यावर सीएंचं ऑफिस आहे. माणसं सात. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांचं जीएसटीचं काम दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत व्हायला हवं, नाहीतर विलंब शुल्क लागतं. शेवटच्या खोलीत बसणाऱ्या मुलीचं काम नेहमी मागे पडे. ‘तिचा हात चालत नाही’ असं साहेबांचं मत झालं होतं आणि तिला दुसरं काम द्यायचं चाललं होतं. सोबत मोठ्या प्लॅनचीही बोलणी सुरू होती. मी म्हटलं, साहेब, आधी तीन आकडे घेऊ.

हे तीन आकडे कुणालाही घेता येतात. पहिला, लॅपटॉप केबलनं थेट राउटरला जोडून वेग मोजायचा. दुसरा, केबल काढून राउटरपासून दोन मीटरवर बसून वायफायवर मोजायचा. तिसरा, सर्वांत लांबच्या टेबलावरून. वेग मोजण्याच्या सोयी फुकट मिळतात. सकाळी अकराच्या गर्दीत एकदा आणि सगळे घरी गेल्यावर एकदा मोजा, आणि कागदावर लिहून ठेवा. केबलवरच वेग कमी असेल, तर दोष बाहेरच्या लाइनचा, केबलचा किंवा खुद्द यंत्राचा. केबलवर ठीक पण जवळच्या वायफायवर कमी असेल, तर हवेत गर्दी आहे. जवळ ठीक आणि लांब वाईट असेल, तर राउटरची जागा चुकली आहे.

त्या ऑफिसात १०० मेगाबिटचा प्लॅन होता. केबलवर ९० च्या वर मिळाले, राउटरजवळ ६०, आणि त्या मुलीच्या टेबलावर जेमतेम ४. मुलीचा हात चालत होता, तिच्यापर्यंत इंटरनेट पोहोचत नव्हतं. मोठा प्लॅन घेतला असता तरी त्या चाराचे पाच झाले नसते. तो कागद साहेबांसमोर ठेवला आणि मुलीचं काम बदलण्याचा विषय तिथेच संपला.

मग दुरुस्ती सुरू झाली. फुकटचे उपाय आधी, खर्चाचे नंतर.

पहिली गोष्ट जागा. इंटरनेटवाले केबल जिथून आत येते तिथेच, म्हणजे दारामागे किंवा माळ्यावर, पेटी ठोकून जातात. पुढे तिच्याशेजारी इन्व्हर्टर येतो, समोर लोखंडी कपाट येतं. राउटर शक्यतो ऑफिसच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या वर, उघड्यावर हवा. त्याची शिंगं उभी ठेवा. लहरी शिंगाच्या टोकातून कमी आणि बाजूंनी जास्त पसरतात, त्यामुळे उभ्या शिंगानं त्याच मजल्यावर चांगला फैलाव होतो.

दुसरी गोष्ट चॅनल. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ साली परवान्यातून मोकळा झाला. त्यात चॅनलचे क्रमांक १३ आहेत, पण एकमेकांत न मिसळणारे तीनच धरतात: १, ६ आणि ११. शेजारच्या दुकानाचा राउटर ६ वर आणि तुमचा ८ वर असेल, तर दोन मंडळांचे कर्णे समोरासमोर लागल्यासारखं होतं, कुणाचंच काही कळत नाही. दोघं नेमके ६ वर असतील, तर निदान रांग लावून बोलतात. मोबाइलवरचं वायफाय तपासणारं एखादं फुकट ॲप उघडा, तिन्हींपैकी मोकळा क्रमांक बघा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये तो भरा. याच पट्ट्यात चॅनलची रुंदी २० ठेवा. ४० केली, तर आपण दोन जागा अडवतो आणि भांडणं वाढतात.

तिसरी गोष्ट पाचचा पट्टा. २०१८ साली पाच गिगाहर्ट्‌झमधला मोठा भाग आपल्याकडे मोकळा झाला. तिथे चॅनल जास्त, गर्दी कमी. भिंतीपलीकडे तो कमी जातो खरा, पण त्यामुळे शेजाऱ्याचा त्रासही कमी होतो. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या. लॅपटॉप पाचवर जोडा. हजेरीचं यंत्र, जुना प्रिंटर २.४ वर राहू द्या.

चौथी गोष्ट पासवर्डची. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ आणि एईएस निवडलेलं असावं. जुनं टीकेआयपी राहिलं असेल, तर सुरक्षितता कमी होतेच, शिवाय वेग ५४ च्या वर जात नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या पक्षकारांसाठी ‘गेस्ट’ नावाचं वेगळं वायफाय चालू करा आणि त्याला वेगाची मर्यादा घाला. मुख्य पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असेल, तर तो काढून बदला. खालच्या मजल्यावरचे मोबाइल तुमच्या रांगेत उभे आहेत की नाही, ते लगेच कळेल.

एवढ्यावर एक रुपयाही लागला नाही. आता खर्चाचं. माझा नियम साधा आहे: जे यंत्र जागचं हलत नाही, त्याला केबल. मेजावरचे संगणक, प्रिंटर, कॅमेऱ्यांची पेटी हे सारे केबलवर गेले, की तेवढी रांग कमी झाली. कॅट-६ केबल मीटरमागे साधारण वीस-तीस रुपयांना येते. पाच तोंडांचा गिगाबिट स्विच हजार-दीड हजारात मिळतो. केबलची टोकं बसवताना आठही तारा जोडून घ्या. काही ठिकाणी चारच जोडतात, आणि मग वेग शंभरावर अडतो.

लांबच्या खोलीसाठी पुष्कळ जण भिंतीतल्या प्लगला लावायचा रिपीटर आणतात. तो स्वस्त असतो, पण निरोप ऐकून तोच पुन्हा त्याच हवेत बोलतो. म्हणजे एका निरोपाला रांगेतल्या दोन पाळ्या. त्याऐवजी त्या खोलीपर्यंत केबल न्या आणि टोकाला दोन-अडीच हजारांचा ॲक्सेस पॉइंट लावा. जुना राउटर पडून असेल, तर बहुतेक वेळा सेटिंग बदलून त्यालाच या कामाला लावता येतं. आमच्या सीएसाहेबांकडे पंचवीस मीटर केबल, एक स्विच आणि एक ॲक्सेस पॉइंट एवढ्यावर भागलं. सामानाचा खर्च पाच हजारांच्या आत. त्या मुलीच्या टेबलावर चाराच्या जागी पन्नासच्या पुढे आकडा आला आणि पुढच्या २० तारखेला तिची विवरणपत्रं सर्वांच्या बरोबरीनं गेली.

आणखी एक वस्तू घ्याच, राउटरला चालणारा छोटा यूपीएस. आपल्याकडे वीज जाते, नाहीतर नुसती झपकते. तेवढ्यानं राउटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि अर्धवट भरलेला फॉर्म जातो.

हे सगळं करूनही केबलवरचा आकडा दिवसभर प्लॅनच्या मर्यादेला टेकलेला दिसला, तर मात्र मोठा प्लॅन जरूर घ्या. तेव्हा तो खर्च योग्य ठरेल. उद्या सोमवार आहे. ऑफिस उघडल्यावर कंपनीला फोन करण्याआधी ते तीन आकडे कागदावर घ्या, आणि सुरुवात सर्वांत लांबच्या टेबलापासून करा.