विश्लेषण : देहविक्री गुन्हा नाही, मग सुरक्षितता गुन्हा कशी?

सांगलीतील देहविक्री करणाऱ्या महिला गेली तीन दशके कायद्यात बदल मागत आहेत. याच जिल्ह्यातून आलेल्या गृहमंत्र्यांनी राज्यात डान्सबारबंदी केली. दोघांच्याही तोंडी महिलांचे हितच होते. मग वाद नेमका कशाचा आहे?

कायदा काय सांगतो?

देशात अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा, म्हणजेच ‘पिटा’ लागू आहे. मूळ कायदा १९५६ चा असून १९७८ आणि १९८६ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. सज्ञान महिलेने स्वेच्छेने देहविक्री करणे हा या कायद्यानुसार गुन्हा नाही. मात्र कुंटणखाना चालवणे, त्यासाठी जागा देणे, दलाली करणे, उघड्यावर ग्राहक बोलावणे आणि शाळा, मंदिर, रुग्णालयापासून २०० मीटरच्या आत हा व्यवसाय करणे हे गुन्हे आहेत. या व्यवसायाच्या कमाईवर जगणारी १८ वर्षांवरील व्यक्तीही गुन्हेगार ठरू शकते.

मग अडचण कुठे?

अडचण व्याख्यांमध्ये आहे. दोन महिलांनी एकमेकींच्या सोबतीसाठी एकच खोली घेऊन व्यवसाय केला, तर ती खोली कुंटणखाना ठरू शकते. पहारेकऱ्याला पगार दिला, तर तो ‘कमाईवर जगणारा’ ठरण्याचा धोका. आईच्या पैशावर कॉलेजात शिकणारा मुलगा १८ वर्षांचा झाला की त्याच्यावरही तीच टांगती तलवार. म्हणजे एकटीने, लपून व्यवसाय केला तर कायदा गप्प. सुरक्षित राहण्याची सोय केली की कायदा दारात. मारहाण झाली तरी पोलिस ठाण्याची पायरी चढायला या महिला का कचरतात, याचे उत्तर इथे सापडते.

सांगलीचा संबंध काय?

‘संपदा ग्रामीण महिला संस्था’ म्हणजे ‘संग्राम’ने १९९२ मध्ये सांगलीच्या गोकुळनगर वस्तीत एड्स प्रतिबंधाचे काम सुरू केले. वस्तीतल्या महिलांनीच एकमेकींना कंडोम वाटायचे, आरोग्याची माहिती द्यायची, अशी ही पद्धत होती. त्यातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. पुढे तिचे काम सातारा, कराडसह आसपासच्या भागांत पसरले. ‘आमची सुटका करू नका, आमच्यावरील हिंसा थांबवा,’ अशा आशयाची भूमिका या महिलांनी घेतली. वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची हमी देण्याची अट अमेरिकेने मदतीसाठी घातली, तेव्हा ‘संग्राम’ने २००५ मध्ये तो निधी नाकारला.

डान्सबारबंदीने काय शिकवले?

त्याच २००५ मध्ये तासगावचे आमदार आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्सबारबंदी आणली. ‘आबां’च्या या निर्णयाला ग्रामीण भागातून मोठा पाठिंबा मिळाला. बारमध्ये पैसे उधळणाऱ्या तरुणांमुळे उद्ध्वस्त होणारे संसार लोकांनी पाहिले होते. मात्र तारांकित हॉटेलांना सूट होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. काम गेलेल्या अनेक महिलांना कुटुंब पोसण्यासाठी देहविक्रीकडे वळावे लागले, याची नोंद घेऊन न्यायालयाने उपाय रोगापेक्षा वाईट ठरल्याचे म्हटले. बंदीची घोषणा लोकप्रिय ठरते. पण काम गेल्यावर त्या महिलेने काय करायचे, याचे उत्तर घोषणेत नसते.

छाप्यानंतर महिलेचे काय होते?

महामार्गालगतच्या लॉजवर छापा, चालकावर गुन्हा आणि ‘महिलांची सुटका’, अशा बातम्या सातारा-सांगलीच्या वाचकांना नव्या नाहीत. सुटका झालेल्या महिलेला दंडाधिकारी चौकशीनंतर एक ते तीन वर्षे सुधारगृहात ठेवू शकतात. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अशा तीन तरुणींना मुक्त करण्याचा आदेश दिला. सज्ञान महिलेला आपला व्यवसाय निवडण्याचा अधिकार असून तिच्या इच्छेविरुद्ध तिला डांबता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

सर्वोच्च न्यायालयाने अटक थांबवली का?

१९ मे २०२२ च्या आदेशानंतर तसा समज पसरला. पण छाप्यात या महिलांना अटक करू नये, ही समितीची शिफारस केंद्राने आक्षेप घेतलेल्या शिफारशींपैकी होती. राज्यांना बंधनकारक केलेल्या बाबी वेगळ्या आहेत. लैंगिक अत्याचार झालेल्या महिलेला तातडीने वैद्यकीय मदत, पोलिसांचे संवेदनशील वर्तन, इच्छेविरुद्ध सुधारगृहात ठेवलेल्या सज्ञान महिलांचा आढावा, कंडोमला गुन्ह्याचा पुरावा न मानणे आणि माध्यमांतून ओळख उघड न करणे, यांचा त्यात समावेश आहे.

विरोधकांचे म्हणणे काय?

दारिद्र्य, कर्ज, फसवणूक आणि देवदासी प्रथेतून आलेल्या महिलेच्या ‘संमती’ला अर्थ किती, असा प्रश्न अनेक स्त्रीवादी कार्यकर्त्या विचारतात. कुंटणखान्यांना मोकळीक दिली तर दलालांचे फावेल आणि अल्पवयीन मुलींची तस्करी वाढेल, ही भीतीही निराधार नाही. स्वीडनने १९९९ मध्ये विक्री करणाऱ्या महिलेऐवजी ग्राहकाला दोषी ठरवले. न्यूझीलंडने २००३ मध्ये हा व्यवसायच गुन्हेगारी चौकटीतून बाहेर काढला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कुंटणखाना आणि कमाईवर जगण्यासंबंधीच्या तरतुदी रद्द केल्या. त्या महिलांचा जीव धोक्यात घालतात, हे त्यामागचे कारण होते.

राजकीय नेतृत्व काय करू शकते?

केंद्रात २००६ मध्ये मंत्री रेणुका चौधरी यांनी दुरुस्ती विधेयक आणले. त्यात ग्राहक बोलावण्याचे कलम वगळून ग्राहकालाच शिक्षा प्रस्तावित होती. ते विधेयक बारगळले. २०१८ चे मानवी तस्करीविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर होऊनही पुढे गेले नाही.

तरीही सारे काही दिल्लीवर अवलंबून नाही. पोलिस आणि सुधारगृहे राज्याच्या अखत्यारीत आहेत. करोनाकाळात महाराष्ट्राने या महिलांना दरमहा ५ हजार रुपये आणि शाळकरी मुले असलेल्यांना आणखी अडीच हजार रुपये जाहीर केले होते. म्हणजे इच्छा असली की सरकारला या महिला दिसतात. अल्पवयीन मुलगी व फसवून आणलेली महिला यांची सुटका आणि सज्ञान महिलेचे संरक्षण ही दोन वेगळी कामे आहेत. मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या महिलेला आधी तिचा धंदा विचारायचा नाही, एवढी सूचना पोलिसांना द्यायला कायदा बदलण्याची गरज नाही.