अभ्यासिकेतली जागा

वाचन प्रेरणा दिनाच्या बातम्या याही वर्षी झळकल्या. डॉ. कलामांच्या तसबिरीला हार, ग्रंथदिंडी, मुलांच्या हाती पुस्तकं. पण वाचनालय गावासाठी काय करतं, हे पाहायचं तर 15 ऑक्टोबर सोडून एरवी कधीही जावं.

तालुक्याच्या गावात सकाळी सातलाच वाचनालयाच्या पायऱ्यांवर चपला जमतात. आत स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली. कुणी चहाला उठलं, तर पाण्याची बाटली जागा धरून बसते. बाहेरच्या लांब टेबलावर एकाच वर्तमानपत्राची पानं चार निवृत्तांनी वाटून घेतलेली. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात अशा घरातल्या मुलीला चार तास शांतपणे बसायला गावात दुसरी जागा नसते. हॉटेलात चहा सांगावा लागतो, देवळात पुस्तक उघडून बसता येत नाही.

वाचनालयाची गरज महाराजा सयाजीराव गायकवाडांनी फार लवकर ओळखली. बडोदे संस्थानात 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. शिकलेला माणूस वाचायला काही मिळालं नाही तर अक्षर विसरेल, म्हणून 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. त्याहून मोलाची होती खर्चाची वाटणी: गावकऱ्यांनी वर्गणी काढायची, तेवढीच भर प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. वर्गणी दिलेलं वाचनालय गावाला आपलं वाटायचं.

देशातला पहिला ग्रंथालय कायदा तर मराठी मुलखातच झाला, कोल्हापूर संस्थानात, 1945 साली. म्हणूनच पुढची गोष्ट जास्त खुपते. तमिळनाडू आणि कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतला जातो, वाचनालयांना हक्काचा पैसा मिळतो. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात उपकर नाही. इथली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं संस्था चालवतात आणि अ, ब, क, ड या वर्गवारीनुसार सरकार अनुदान देतं. हप्ता लांबला की आधी पुस्तकखरेदी थांबते, मग वीजबिल तुंबतं. ग्रंथपाल आणि शिपाई वेतनश्रेणी मागत वर्षानुवर्षं निवेदनं देत आहेत.

शहरांत रस्ते, पूल, सुशोभीकरण यांना पैसा सापडतो. प्रत्येक प्रभागात रात्री दहापर्यंत उघडी राहणारी एक अभ्यासिका, स्वच्छ स्वच्छतागृह, मुलांसाठी खाली बसून वाचता येईल असा कोपरा, एवढी मागणी नगरसेवकापुढे ठेवायला काय हरकत आहे? मुलीच्या बाबतीत तर स्वच्छतागृहावरच ठरतं, की ती संध्याकाळपर्यंत अभ्यासाला थांबेल की दुपारीच दप्तर आवरून घरी जाईल.